फुकुशिमाचे पाणी, माती आणि माणसे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर भट्ट्या वितळलेल्या जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राच्या आजच्या स्थितीविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. काहींनी अणुऊर्जेच्या बाजूने वा विरोधात आपली मते कळवली आहेत. ती मोलाचीच आहेत, परंतु हे सदर प्रश्नोत्तरांचे असल्यामुळे ज्या पत्रांत काही विचारले आहे तीच येथे घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न छापता त्यांची ओळख तेवढी दिली आहे.

प्रश्न : भूकंप होताच अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या, असे आपल्या टिपणात होते. मग बंद झालेली भट्टी वितळली कशी? चूल विझवल्यावर भांडे करपत नाही.
(विज्ञान शाखेची विद्यार्थिनी)

उत्तर : आपण चुलीचे उदाहरण दिले आहे, तेच पुढे नेऊ. जाळ विझला तरी निखारे धगधगत राहतात, आणि अणुभट्टीतले निखारे पाणी ओतून विझत नाहीत. ते केवळ थंड ठेवावे लागतात. ११ मार्च २०११ रोजी जपानी वेळेप्रमाणे दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा केंद्रातील सहापैकी पहिल्या तीन भट्ट्या चालू होत्या. उरलेल्या तीन तपासणीसाठी आधीच थांबवलेल्या होत्या. नियंत्रक कांड्या आत शिरल्या आणि युरेनियमच्या विखंडनाची, म्हणजे अणू फुटण्याची, साखळी काही सेकंदांत तुटली. परंतु विखंडनातून निर्माण झालेली आयोडीन, सीझियम, स्ट्रॉन्शियम यांसारखी अस्थिर द्रव्ये इंधनात साठलेली असतात आणि त्यांचा क्षय, म्हणजे त्यांचे आपोआप फुटत जाणे, कोणतेही बटण दाबून थांबत नाही. भट्टी बंद केल्याक्षणी या क्षयाची उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते आणि दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते. अर्धा टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. दुसऱ्या भट्टीची औष्णिक क्षमता २,३८१ मेगावॉट होती. तिचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे १२ मेगावॉट, आणि एवढी उष्णता उकळीला आलेल्या पाण्याची तासाला सुमारे १९ टन वाफ करते. तेवढे पाणी अखंड भरत राहावे लागते, त्यासाठी पंप लागतात आणि पंपांना वीज लागते.

नेमकी तीच गेली. भूकंपाने बाहेरून येणाऱ्या वाहिन्या तोडल्या तेव्हा डिझेल जनित्रे ठरल्याप्रमाणे सुरू झाली. पण पाऊण तासाने, साडेतीनच्या पुढे, चौदा-पंधरा मीटर उंचीची त्सुनामी केंद्रावर आली आणि बहुतेक जनित्रे ज्या तळघरांत होती ती तळघरे भरून गेली. पहिल्या आणि दुसऱ्या भट्टीची बॅटऱ्यांची व्यवस्थाही भिजली. नियंत्रण कक्षात अंधार झाला, मापके बंद पडली, आणि भट्टीतल्या पाण्याची पातळी कळावी म्हणून कर्मचाऱ्यांनी आवारातल्या मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणून त्या मापकांना जोडल्या. सहाव्या भट्टीचे हवेने थंड होणारे एक जनित्र तेवढे वाचले, आणि त्या एका यंत्रामुळे पाचवी व सहावी या दोन्ही भट्ट्या तगल्या.

पाणी आटून इंधनकांड्या उघड्या पडल्या की त्यांच्या झिर्कोनियमच्या आवरणाची वाफेशी अभिक्रिया होते आणि हायड्रोजन तयार होतो. हाच वायू १२ मार्चला पहिल्या आणि १४ मार्चला तिसऱ्या इमारतीत स्फोट पावला. १५ मार्चला चौथ्या इमारतीतही स्फोट झाला. त्या भट्टीत इंधन नव्हतेच. तिसऱ्या भट्टीतला हायड्रोजन सामाईक नळांवाटे तिकडे गेला होता. दोन पत्रांत याला ‘अणुस्फोट’ म्हटले आहे. तो अणुस्फोट नव्हता, तो वायूचा रासायनिक स्फोट होता. आणि सर्वांत जास्त किरणोत्सारी द्रव्ये ज्या दुसऱ्या भट्टीतून बाहेर पडली, असे मानले जाते, तिच्या इमारतीत तर स्फोट झालाच नाही. तिचे कवच गळू लागले होते. दूरचित्रवाणीवर दिसलेला स्फोट आणि खरी हानी यांचा संबंध किती सैल असू शकतो, हे या दुसऱ्या भट्टीवरून कळते.

प्रश्न : एवढी मोठी लाट येईल हे कोणाला माहीत असणे शक्य होते का? नसेल, तर दोष कोणाला देणार?
(निवृत्त स्थापत्य अभियंता)

उत्तर : माहीत होते, असे म्हणण्यास आधार आहे, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त व्यथित करणारी गोष्ट हीच आहे. केंद्राची जागा मुळात समुद्रसपाटीपासून सुमारे ३५ मीटर उंचीचे पठार होती. इमारती पक्क्या खडकावर बसाव्यात आणि समुद्राचे पाणी वर चढवण्याचा खर्च वाचावा म्हणून ते पठार तोडून पहिल्या चार भट्ट्यांसाठी १० मीटरवर आणले गेले. त्सुनामीची गृहीत धरलेली उंची वेळोवेळी वाढवून ५.७ मीटरपर्यंत नेण्यात आली होती. दरम्यान इ. स. ८६९ मधील जोगान भूकंपाच्या लाटेने सेंदाईच्या मैदानात फार आतपर्यंत आणून टाकलेल्या वाळूचे थर भूवैज्ञानिकांना सापडले होते. २००८ मध्ये टोक्यो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीच्या, म्हणजे टेप्कोच्या, अंतर्गत गणितात १५.७ मीटरपर्यंतच्या लाटेची शक्यता निघाली. त्यावर अधिक अभ्यास करण्याचे ठरले; लाट अडवणाऱ्या भिंतीचे बांधकाम झाले नाही.

आपण स्थापत्य अभियंता आहात म्हणून ओनागावाचे उदाहरण आवर्जून देतो. तोहोकू इलेक्ट्रिक कंपनीचे हे केंद्र भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा अधिक जवळ आहे. कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी यानोसुके हिराई यांनी जुन्या लाटांचा इतिहास पुढे ठेवून केंद्र उंचावर बांधण्याचा आग्रह धरला आणि ते १४.८ मीटरवर बांधले गेले. २०११ मध्ये तेथे सुमारे १३ मीटरची लाट आली आणि भूकंपाने जमीनही मीटरभर खचली, तरी भट्ट्या सुरक्षितपणे थंड झाल्या. घरे वाहून गेलेले गावकरी त्या केंद्राच्याच व्यायामशाळेत आसऱ्याला राहिले. बाहेरची एक वीजवाहिनी शाबूत राहिली हे ओनागावाचे भाग्य म्हणता येईल. उंची मात्र भाग्याने मिळालेली नव्हती.

जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने, ज्याचे अध्यक्ष कियोशी कुरोकावा होते, जुलै २०१२ मध्ये ही दुर्घटना मानवनिर्मित असल्याचा निष्कर्ष दिला. न्यायालयांचा कौल वेगळा पडला. तीन माजी अधिकाऱ्यांवरील फौजदारी खटल्यात २०१९ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांच्या बाबतीत ती कायम केली; तिसऱ्याचे त्याआधीच निधन झाले होते. भागधारकांच्या दाव्यात २०२२ मध्ये चार माजी अधिकाऱ्यांना १३ लाख कोटी येनहून अधिक भरपाईचा आदेश झाला होता, तो जून २०२५ मध्ये टोक्योच्या उच्च न्यायालयाने रद्द केला. लाटेचा अंदाज विश्वासार्ह होता का आणि केंद्र थांबवण्याइतका तो ठोस होता का, यावर ही सारी भांडणे फिरली. माझे मत विचाराल तर उंच भिंतीवरच्या या वादात एक साधी गोष्ट बाजूला पडते. जनित्रे आणि वीजफलक तळघरातून वर नेणे, दारे जलरोधक करणे, ही कामे भिंतीच्या मानाने फार स्वस्त होती आणि त्यासाठी लाटेची उंची सेंटीमीटरपर्यंत ठरण्याची वाट पाहावी लागत नव्हती.

प्रश्न : किरणोत्सर्गाने प्रत्यक्ष किती माणसे दगावली? कोणी शून्य म्हणतात, कोणी हजारो. मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढल्याचेही वाचले. खरे काय?
(परिचारिका, याच आशयाची आणखी चार पत्रे)

उत्तर : हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

किरणोत्सर्गाच्या तीव्र मात्रेने, म्हणजे चेर्नोबिलमध्ये १९८६ साली अग्निशामकांचे झाले तसे, फुकुशिमात कोणी दगावले नाही. आपत्कालीन कामासाठी कर्मचाऱ्यांची मर्यादा १०० वरून २५० मिलिसिव्हर्टवर (शरीरावर पडणाऱ्या किरणोत्सर्गाच्या भाराचे एकक) नेण्यात आली होती आणि सहा जणांनी तीही ओलांडली. पुढे एका कर्मचाऱ्याच्या फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूचा संबंध या कामाशी असल्याचे जपान सरकारने २०१८ मध्ये भरपाईसाठी मान्य केले. रहिवाशांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्ग परिणामविषयक शास्त्रीय समितीने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, थेट किरणोत्सर्गामुळे झाला असे म्हणता येईल असा आरोग्यावरचा दुष्परिणाम नोंदला गेलेला नाही.

थायरॉइडची गोष्ट गुंतागुंतीची आहे. दुर्घटनेच्या वेळी अठरा किंवा त्याहून कमी वय असलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार मुलांसाठी फुकुशिमा प्रांताने अल्ट्रासाउंड तपासणी योजली आणि त्यांतील बहुतेकांची तपासणी झाली. तेव्हापासून कर्करोग असलेली वा तसा संशय असलेली तीनशेहून अधिक प्रकरणे आढळली. हा आकडा नेहमीच्या नोंदींपेक्षा कितीतरी मोठा आहे. पण नेहमीच्या नोंदी गळ्याला गाठ जाणवून डॉक्टरकडे गेलेल्यांच्या असतात, तर येथे काहीही त्रास नसलेल्या मुलांच्या गळ्यातील मिलिमीटरच्या गाठी संवेदनशील यंत्राने शोधल्या गेल्या. अशा तपासणीत आयुष्यभर त्रास न देणाऱ्या गाठीही सापडतात, हे थायरॉइडच्या बाबतीत अन्यत्रही दिसले आहे. चेर्नोबिलमध्ये रोग वाढला तो चार-पाच वर्षांनी आणि मुख्यतः अगदी लहान मुलांमध्ये, कारण त्यांनी किरणोत्सारी आयोडीन-१३१ असलेले दूध पोटभर प्यायले होते. जपानमध्ये दूध आणि पालेभाज्यांवर मार्चमध्येच निर्बंध आले आणि पहिल्या फेरीत सापडलेली मुले बहुतांशी किशोरवयीन होती. म्हणून बहुसंख्य तज्ज्ञ या आकड्याचे कारण तपासणीत शोधतात. काही संशोधक असहमत आहेत. ज्या तरुणांच्या गळ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे त्यांच्यापैकी काहींनी टेप्कोविरुद्ध दावा लावला आहे, आणि ‘तुमची गाठ कदाचित न सापडती तरी चालले असते’ हे वाक्य त्यांना किती लागत असेल याची कल्पना आपल्यासारख्या रुग्णसेवा करणाऱ्यांना अधिक असेल.

आता दुसऱ्या टोकाचा आकडा. फुकुशिमा प्रांतात ‘आपत्तीशी संबंधित मृत्यू’ अशी अधिकृत नोंद २,३०० हून अधिक आहे. प्रांतात भूकंप आणि लाटेने थेट दगावलेल्यांहून ही संख्या जास्त आहे. हे मृत्यू किरणोत्सर्गाचे नव्हेत. ते स्थलांतराचे आहेत. केंद्रापासून ३ किलोमीटर, मग १०, मग २० किलोमीटरपर्यंतचा भाग चोवीस तासांच्या आसपास रिकामा करण्याचे आदेश निघत गेले. जवळच्या एका रुग्णालयातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना सोबत डॉक्टर नसताना बसमधून तासन् तास फिरवण्यात आले आणि त्यातच कित्येकांचा अंत झाला. पुढे छावण्यांत आणि तात्पुरत्या घरांत औषधे तुटली, आहार बदलला, शेजार गेला, नैराश्य आले. काहींनी जीवन संपवले.

तेव्हा लोकांना हलवलेच नसते तर बरे झाले असते का, असे आपण पुढे विचारले आहे. मागे वळून, सर्व आकडे हातात असताना तसे म्हणणे सोपे आहे. १२ मार्चच्या संध्याकाळी दुसरी आणि तिसरी भट्टी पुढे काय करील हे कोणालाच ठाऊक नव्हते. मला अक्षम्य वाटते ते दुसरेच. नामिए गावचे अनेक लोक किनाऱ्यापासून दूर म्हणून त्सुशिमा या वरच्या भागात जाऊन राहिले. किरणोत्सारी ढग वाऱ्याबरोबर वायव्येला, नेमका त्याच बाजूला गेला, आणि १५ मार्चच्या पाऊस-बर्फाने त्यातले द्रव्य जमिनीवर उतरले. वाऱ्याचा अंदाज देणारी ‘स्पीडी’ ही सरकारी संगणक प्रणाली चालू होती. तिचे निष्कर्ष त्या लोकांपर्यंत पोहोचवले गेले नाहीत. वृद्धांना घाईने हलवले गेले आणि ज्यांना सांगायला हवे होते त्यांना सांगितले गेले नाही. या दोन्ही चुका एकाच आठवड्यात झाल्या.

प्रश्न : तेथील शेती पुन्हा सुरू झाली आहे का? मातीतले विष काढता येते का? सूर्यफुले लावून जमीन शुद्ध केल्याचे वाचले होते.
(शेतकरी)

उत्तर : सूर्यफुलांचा प्रयोग झाला खरा, आणि त्याची छायाचित्रे मनाला दिलासा देणारी होती, परंतु जपानच्या कृषी मंत्रालयाच्या चाचणीत त्यांनी शोषलेले सीझियम नगण्य निघाले. सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसते. मुळांना ते सहज सुटत नाही. हाच गुण दुसऱ्या बाजूने उपयोगी पडला. ते खोल न झिरपता वरच्या काही सेंटीमीटरमध्येच राहिले, म्हणून सुमारे पाच सेंटीमीटरचा थर खरवडून काढणे हा मुख्य उपाय ठरला. पिढ्यान् पिढ्या शेणखत घालून कसदार केलेला थर काळ्या पिशव्यांत भरून जाताना पाहणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. दुसरा उपाय पोटॅश खताचा. सीझियम आणि पोटॅशियम रासायनिक दृष्ट्या भावंडे आहेत. मातीत पोटॅशियम भरपूर असले की भाताचे पीक सीझियम कमी उचलते.

अन्नासाठी एप्रिल २०१२ पासून किलोला १०० बेकरेल (पदार्थातील किरणोत्साराचे एकक) ही कडक मर्यादा लागू झाली. त्याच वर्षीपासून फुकुशिमातील भाताची एकूण एक पोती, म्हणजे वर्षाला सुमारे एक कोटी पोती, पट्ट्यावरून यंत्राखाली तपासली जाऊ लागली. २०१५ च्या हंगामापासून मर्यादेबाहेरचे एकही पोते सापडले नाही, आणि २०२० पासून बहुतेक भागांत नमुना तपासणीवर काम भागू लागले. तरीही त्या तांदळाला पूर्वीचे नाव आणि पूर्वीचा भाव मिळवण्यासाठी झगडावे लागले. जंगलांची कथा निराळी आहे. प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग वनाच्छादित आहे आणि डोंगरावरची माती खरवडता येत नाही, त्यामुळे रानातली अळंबी, रानभाज्या आणि रानडुकराचे मांस यांवर अजून अनेक ठिकाणी निर्बंध आहेत. डोंगरातून काही वेचून आणून शेजाऱ्यांना वाटणे हा तिथला रिवाज होता. तो तुटला, आणि त्याची भरपाई कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

खरवडलेल्या मातीचे काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो आज सर्वांत अवघड झाला आहे. ओकुमा आणि फुताबा या गावांतील १,६०० हेक्टर जमिनीवर सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती व तत्सम कचरा साठवला आहे. मार्च २०४५ पर्यंत तो प्रांताबाहेर नेऊन कायमची विल्हेवाट लावायची, असे कायद्यानेच बांधून घेतले आहे. जागा ठरलेली नाही. किलोला ८,००० बेकरेलपेक्षा कमी असलेली माती रस्त्यांच्या भरावात वापरण्याची योजना आहे आणि लोकांची भीती जावी म्हणून २०२५ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या आवारातही ती घालण्यात आली.

प्रश्न : ‘शुद्ध केलेले’ पाणी समुद्रात सोडणे सुरक्षित आहे, तर शेजारी देश आणि तिथलेच मच्छीमार विरोध का करतात?
(किनारी भागातील शिक्षक)

उत्तर : पाणी येते कोठून ते आधी पाहू. वितळलेले इंधन थंड ठेवण्यासाठी पाणी सोडावेच लागते, शिवाय डोंगराकडून येणारे भूजल आणि पाऊस तडे गेलेल्या इमारतींत शिरतात. भूजल अडवण्यासाठी चार भट्ट्यांभोवती दीड किलोमीटर लांब आणि ३० मीटर खोल गोठवलेल्या मातीची भिंत उभारली आहे. २०१४ मध्ये दिवसाला पाचशे टनांच्या पुढे जाणारी दूषित पाण्याची वाढ आता शंभराच्या खाली आली आहे. हे पाणी गाळून ६२ प्रकारची किरणोत्सारी द्रव्ये मर्यादेखाली आणली जातात. ट्रिटियम मात्र राहते, कारण ते हायड्रोजनचेच रूप आहे आणि स्वतः पाण्याचाच भाग बनते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे नष्ट होण्याचा काळ, सुमारे १२.३ वर्षे आहे.

हजाराहून अधिक टाक्यांत साठलेले १३ लाख टनांहून अधिक पाणी २४ ऑगस्ट २०२३ पासून टप्प्याटप्प्याने, समुद्राच्या पाण्यात मिसळून, एक किलोमीटर लांब बोगद्यातून सोडले जात आहे. सोडताना ट्रिटियम लिटरला १,५०० बेकरेलच्या आत ठेवले जाते; पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा १०,००० आहे. वर्षभरातली मर्यादा २२ लाख कोटी बेकरेल आहे, आणि ती दुर्घटनेआधी केंद्र नीट चालत असताना होती तेवढीच आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ मध्ये ही योजना सुरक्षा मानकांशी सुसंगत ठरवली. भौतिकशास्त्रापुरते बोलायचे तर मला त्यात दोष दिसत नाही.

विरोधाचे मूळ अन्यत्र आहे. ‘केवळ ट्रिटियम उरते’ असे वर्षानुवर्षे सांगितल्यावर २०१८ मध्ये कळले की टाक्यांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक पाण्यात इतर द्रव्येही मर्यादेबाहेर आहेत. ते पाणी पुन्हा गाळूनच सोडले जाईल असे नंतर ठरले, पण ते आधी का सांगितले नाही, याला उत्तर नव्हते. २०१५ मध्ये सरकार आणि टेप्को यांनी मच्छीमारांना लेखी आश्वासन दिले होते की संबंधितांची समजूत पटल्याशिवाय विल्हेवाट होणार नाही. मच्छीमारांच्या संघटनेची समजूत पटलेली नव्हती आणि पाणी सुटले. दहा-बारा वर्षे नमुना मासेमारी करून, एकेक जात तपासून, त्यांनी बाजार परत मिळवला होता. सोडण्याच्या दिवशीच चीनने जपानी मासळीची आयात बंद केली, आणि जून २०२५ मध्ये ती अंशतः खुली केली. मासा कितीही निर्धोक असला तरी गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की होडी किनाऱ्यालाच राहते, एवढे आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

एक गोंधळ दूर करतो. मे २०२३ मध्ये केंद्राच्या बंदरात किलोला १८,००० बेकरेल सीझियम असलेला मासा सापडला, ही बातमी खरी आहे. तो पाणी सोडण्याआधीचा आहे. २०११ मध्ये बंदराच्या तळाच्या गाळात बसलेल्या सीझियमचा तो परिणाम आहे, आणि असे मासे बाहेर पडू नयेत म्हणून तेथे जाळी लावली आहेत.

प्रश्न : सिव्हर्ट, बेकरेल या आकड्यांनी डोके चक्रावते. सामान्य माणसाने कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?
(गृहिणी)

उत्तर : पदार्थात दर सेकंदाला किती अणू फुटतात ते बेकरेल सांगते, शरीरावर त्याचा किती भार पडतो ते सिव्हर्ट सांगते. बेकरेलचे आकडे स्वभावतःच प्रचंड असतात, म्हणून नुसत्या शून्यांच्या संख्येने घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. आकडा किलोला आहे की लिटरला, तासाला आहे की वर्षाला, कोठे आणि कोणत्या उंचीवर मोजला आहे, हे आधी पाहावे.

एक नमुना देतो. जपानमध्ये तासाला ०.२३ मायक्रोसिव्हर्ट हा आकडा वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या जादा भाराशी समतुल्य धरला गेला. त्यातले ०.०४ मूळचे नैसर्गिक मानून वजा केले, आणि उरलेल्या ०.१९ साठी गृहीत धरले की माणूस रोज आठ तास बाहेर आणि सोळा तास लाकडी घरात असतो, जेथे भार चाळीस टक्के उरतो. गणित बिनचूक आहे. पण दिवसभर शेतात असणाऱ्याला ते लागू पडत नाही, आणि काँक्रीटच्या इमारतीत बसणाऱ्यालाही नाही. गावकऱ्यांनी हे प्रश्न विचारले, आणि अधिकारी देतील त्या उत्तरांवर न थांबता स्वतः मोजू लागले. २०११ मध्येच सुरू झालेल्या सेफकास्ट या नागरिकांच्या उपक्रमात स्वयंसेवकांनी मोटारीला लावता येईल असे मापक स्वतः जोडून तयार केले. ते जागेची नोंद करत आकडे टिपते आणि ते आकडे कोणालाही मुक्तपणे वापरता येतात. इवाकी शहरात मातांनी पुढाकार घेऊन अन्न तपासण्याची प्रयोगशाळा काढली. यांचे आकडे पुष्कळदा सरकारी आकड्यांशी जुळले. तरी ते मोजमाप वाया गेले असे मला वाटत नाही. भट्ट्या वितळल्या हे टेप्कोने मे २०११ पर्यंत उघडपणे मान्य केले नव्हते आणि ‘मेल्टडाउन’ हा शब्द टाळण्याच्या सूचना होत्या हे पुढे २०१६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी कबूल करून क्षमा मागितली. अशा वेळी खरा आकडासुद्धा दुसऱ्या कोणीतरी मोजून पाहिल्याशिवाय लोकांना खरा वाटत नाही.

प्रश्न : लोक घरी परतले का?
(ज्येष्ठ नागरिक)

उत्तर : काही परतले. संख्या सर्वाधिक होती तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार माणसे घराबाहेर होती. आज अधिकृत नोंदीत ती २५ हजारांच्या आसपास आहेत, मात्र ज्यांनी दुसरीकडे घर केले त्यांतील अनेक जण या नोंदीतून गळले आहेत. नाराहा २०१५ मध्ये, नामिएचा काही भाग आणि ईताते २०१७ मध्ये, ओकुमाचा काही भाग २०१९ मध्ये खुला झाला आणि जोबान रेल्वेमार्ग मार्च २०२० मध्ये पूर्ण सुरू झाला. सर्वांत शेवटी, ऑगस्ट २०२२ मध्ये, फुताबा. तेथे पूर्वी सुमारे ७ हजार लोक राहत. आता दोनशेच्या आतबाहेर. नामिएत २१ हजारांपैकी दोन हजारांवर थोडे. अजून सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्र बंद आहे. परतणारे प्रामुख्याने वयस्क आहेत. जी मुले २०११ मध्ये पहिलीत होती त्यांनी दुसऱ्या गावात शाळा संपवली, तेथेच नोकरी धरली. गाव खुले झाल्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा परतण्याचे वय निघून गेले होते.

फुताबाच्या रस्त्यावर एका कमानीवर ‘अणुऊर्जा : उज्ज्वल भविष्याची ऊर्जा’ अशा अर्थाचे घोषवाक्य होते. १९८८ मध्ये एका शाळकरी मुलाने ते स्पर्धेसाठी लिहिले होते. मोठेपणी त्याने ते काढू नका, दिसू द्या, अशी मागणी केली. कमान उतरवली गेली. फलक आता गावातील स्मृती संग्रहालयात आहे.

प्रश्न : केंद्र पूर्णपणे मोडीत कधी निघेल?
(यांत्रिकी शाखेचा विद्यार्थी)

उत्तर : जाहीर उद्दिष्ट २०४१ ते २०५१ या काळाचे आहे. जमेची बाजू अशी की चौथ्या इमारतीच्या, इंधन थंड ठेवण्याच्या तलावातील इंधनकांड्यांचे १,५३५ जुडगे डिसेंबर २०१४ पर्यंत आणि तिसऱ्या इमारतीतील ५६६ जुडगे फेब्रुवारी २०२१ पर्यंत सुखरूप बाहेर निघाले. पहिल्या आणि दुसऱ्या इमारतीतील अजून तलावातच आहेत. खरी अडचण भट्ट्यांच्या तळाशी आहे. इंधन, पोलाद आणि काँक्रीट वितळून एकजीव झालेला सुमारे ८८० टनांचा ऐवज तेथे पडला आहे आणि त्याच्याजवळ माणूस जाऊ शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दुसऱ्या भट्टीत लांबत जाणारी नळी घालून नमुना काढण्याचे ठरले; नळीचे तुकडे चुकीच्या क्रमाने लावल्याचे लक्षात आल्याने काम थांबले, सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये पहिला तुकडा हाती आला. त्याचे वजन ०.७ ग्रॅम भरले. एप्रिल २०२५ मधला दुसरा तुकडा त्याहूनही लहान होता.

०.७ ग्रॅमची तुलना ८८० टनांशी करून अनेकांनी निराशा व्यक्त केली आहे. अभियंत्याच्या दृष्टीने त्या कणाला मोल आहे, कारण तो ऐवज किती कठीण आहे आणि कशाने कापता येईल हे त्याशिवाय कळणार नाही. पण वेळापत्रक मात्र टिकणारे नाही. पूर्ण प्रमाणातील उपसा २०३७ च्या आधी सुरू होणार नाही असे जुलै २०२५ मध्ये सांगण्यात आले, आणि त्यानंतर चौदा वर्षांत तीन भट्ट्या रिकाम्या करून इमारती पाडणे मला शक्य कोटीतले वाटत नाही. उपसलेला ऐवज कोठे ठेवायचा, ही त्याच्या आधीची पायरी आहे. आवारात जागा नाही, कारण सगळीकडे पाण्याच्या टाक्या आहेत. पाणी सोडणे आणि इंधन काढणे ही दोन कामे येथे एकमेकांत अडकली आहेत. रिकाम्या झालेल्या पहिल्या टाक्या कापायला फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुवात झाली, आणि त्या जागी वितळलेल्या इंधनासाठी लागणाऱ्या इमारती उभ्या राहायच्या आहेत.